मोबाईलवरून लॅपटॉपला नेट घेतेय पण सारखं तुटतंय, २० तारखेच्या आधी काहीतरी सुचवा

कुळागरातली · १६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरीतून लिहितेय, वाळपईहून बरंच आत. गावाचं नाव सांगितलं तर अर्ध्यांना माहीत नसेल आणि उरलेल्यांना मी कोणाची सून ते लगेच कळेल, म्हणून राहू दे :)

तर झालंय असं की परवा रात्रीच्या वाऱ्यात फणसाची मोठी फांदी फायबरच्या वायरीवर पडली, वायर आता वाटेवर लोळतेय आणि नेटवाला म्हणतो पाऊस जरा उसंत देऊ दे मग माणूस पाठवतो. जुलैत सत्तरीत पाऊस उसंत देणार म्हणजे चवथच उजाडायची. मी फोंड्याला एका टॅक्सवाल्यांकडे अकाउंट्सचं काम करते, आठवड्यातले चार दिवस घरून, आणि २० तारखेपर्यंत सगळ्या पार्ट्यांचे ३बी, म्हणजे जीएसटीची महिन्याची रिटर्न्स, जायला पाहिजेत.

म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवतेय. पण एक तर ते मधेच थांबतं, म्हणजे लॅपटॉपवर वायफायचं चिन्ह तसंच दिसतं पण काही म्हणता काही उघडत नाही, दोन-चार मिनिटांनी आपोआप परत सुरू, मी काही केलेलं नसतं. वर रोजचा २ जीबीचा पॅक आहे तो सकाळी अकराच्या आत संपतो, आता मी काय पिक्चर बघत नाही हो, पोर्टल, मेल आणि टॅली एवढंच, मग २ जीबी खातं कोण? आणि घरात सिग्नल नाहीच, जुनं चिऱ्याचं घर, भिंती हातभर जाड, सोप्याच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात तीन काड्या येतात आणि माजघरात माझ्या टेबलाशी आलं की एक, ती पण येते-जाते.

कोणीतरी सांगितलं हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी वायर लाव, नेट पक्कं राहतं. लावली, तर सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग असं दिसतं पण फिकट, दाबलंच जात नाही. फोन अँड्रॉइड, दोन सिमवाला, तीनेक वर्षांचा. लॅपटॉप ऑफिसचा, विंडोज ११.

सोप्यावर बसून काम कर असं सांगू नका, तिथे झडीचं पाणी येतं, सासरे पेपर वाचत असतात आणि येणारा-जाणारा काय चाललंय म्हणून स्क्रीनमध्ये डोकं घालतो.

म्हापशेकार · १६ जुलै, रात्री १०.१५

फिकट दिसतं म्हणजे ९९ टक्के वायर फक्त चार्जिंगची आहे. साध्या यूएसबी वायरीच्या आत चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, स्वस्तातल्या वायरीत डेटाच्या दोन घालतच नाहीत. फोन चार्ज होतो त्यामुळे माणसाला वाटतं वायर ठीक आहे. मी शुक्रवारच्या बाजारात शंभरला तीन घेतल्या होत्या, तिन्ही तशाच निघाल्या, दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसलेलो, शेवटी बायकोच्या फोनची वायर लावली तर एका सेकंदात चालू.

फोनच्या खोक्यातून आलेली मूळ वायर शोधा ताई. लॅपटॉपला लावल्यावर फोनवर फाईल ट्रान्सफर की फक्त चार्जिंग असा प्रश्न आला की समजायचं वायर चांगली. मग टेदरिंगचं बटण पण जिवंत होतं.

जुना मोडेम · १६ जुलै, रात्री ११.०५

यूएसबी टेदरिंग फिकट हे वाचून मला माझे दिवस आठवले, थोडं विषयांतर करतो, म्हातारा समजून सोडून द्या.

२००५ च्या आसपास मी डिचोलीजवळ एका खाणीच्या ऑफिसात होतो. लँडलाईन पावसात मेली की मुख्य ऑफिसला मेल पाठवायची एकच सोय, माझा नोकिया. त्यात इन्फ्रारेड, लॅपटॉपला पण इन्फ्रारेड, दोघांना टेबलावर समोरासमोर ठेवायचं नवरा-नवरीसारखं, मधे अंतरपाट नको. लॅपटॉपवर नोकियाचं पीसी सूट हे सॉफ्टवेअर उघडायचं, त्यात मोडेम म्हणून फोन निवडायचा आणि *९९***१# हा नंबर डायल करायचा. लोकांना वाटायचं हा कुठे फोन लावतोय, पण तो नंबर म्हणजे टॉवरला सांगणं की मला जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या मोबाईल नेटवर, घे. मिळायचे काय तर ३०-४० केबीपीएस. आणि पैसे? दहा केबीला दहा पैसे, म्हणजे एका एमबीला दहा रुपये! एकदा कोणीतरी साईटचे फोटो जोडलेला मेल पाठवला, तो उतरवायला माझा सगळा रिचार्ज गेला आणि चहावाला आत येऊन दोन फोनच्या मधे, म्हणजे फोन आणि लॅपटॉपच्या मधे, कप ठेवून गेला तर ८० टक्क्यांवर तुटलं. परत पहिल्यापासून.

नंतर २०१० ला अँड्रॉइडच्या २.२ मध्ये यूएसबी टेदरिंग आणि हॉटस्पॉट फोनमध्येच आले तेव्हा मला खरंच खोटं वाटलं होतं. नंबर नाही, पीसी सूट नाही, नुसतं एक बटण.

आता मुद्द्याचं. बाय, तुम्हाला वायर नकोच आहे. म्हापशेकार बाबांचं वायरीबद्दल बरोबर आहे, पण वायर लावली की फोन लॅपटॉपच्या बाजूला येतो, म्हणजे माजघरात, जिथे एक काडी. वायर कितीही चांगली असली तरी फोनलाच मिळत नाही ते लॅपटॉपला कुठून देणार? फोन सिग्नल असेल तिथे ठेवायचा आणि लॅपटॉप माणूस बसेल तिथे, मधलं अंतर वायफायने कापायचं. हॉटस्पॉटचा खरा उपयोग हा आहे.

काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मर्जीने काड्या दाखवतो. सेटिंगमध्ये फोनविषयी, सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा असतो, डीबीएममध्ये, उणे चिन्ह लागलेला. उणे ८५-९० असेल तर मस्त, उणे ११० च्या खाली गेला की नेटची आशा सोडा. आकडा उणे आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर ११२ बघून खूश व्हाल. फोन हातात घेऊन घरभर हळू हळू फिरा, एकेका जागी अर्धा मिनिट थांबा, वहीत लिहा. खिडकीत अन् खिडकीपासून दोन हातांवर यात केवढा फरक पडतो ते बघा.

कुळागरातली · १७ जुलै, दुपारी १.३०

म्हापशेकार, वायर खरंच चार्जिंगची होती!! दिराच्या फोनची लावली आणि बटण चालू झालं. देव बरें करूं.

काका, तुमचं पण बरोबर. आकडे घेतले. टेबलाशी उणे ११६, देवखोलीच्या दारात ११३, सोप्यावर ९८, आणि सोप्याच्या पश्चिमेच्या खिडकीत, गजाला चिकटवून धरला तर ९१. म्हणून सकाळी यूएसबीवर काम केलं ते रडतखडत, जीएसटीचं एक पान उघडायला चहा होऊन गार झाला. मग हॉटस्पॉट लावून फोन खिडकीत ठेवला तर लॅपटॉपला हॉटस्पॉटचंच सिग्नल कमी, मधे दोन भिंती.

आणि डेटा आज तर दहालाच संपला. मोजूनमापून काम केलं हो, आता यूएसबीवर पण तेच. आता ६४ केबीपीएसवर चाललंय, म्हणजे चाललंय असं म्हणायचं.

नेटवर्कवाली · १७ जुलै, दुपारी ३.१०

मी फोंड्याचीच, ऑफिसांची नेटवर्कं बघते. डेटा कोण खातं ते लॅपटॉपलाच विचारा. सेटिंग्ज, नेटवर्क, त्यात डेटा युसेज, गेल्या तीस दिवसांची यादी येते कुठल्या प्रोग्रामने किती खाल्लं. माझी पैज, वरती सिस्टीम नाहीतर क्लाउडच्या फोल्डरचं सिंक असणार. लॅपटॉपला कळत नाही ना की हे फायबर आहे की मोजून मापून घेतलेलं मोबाईलचं नेट, त्याच्या लेखी वायफाय म्हणजे वायफाय, फुकटचं. मग तो अपडेट उतरवतो, फोटो चढवतो, शिवाय आपण उतरवलेलं अपडेट नेटवरच्या दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरला द्यायची सोय पण असते ती चालू असली तर तो वाटप पण करतो.

त्यावर उपाय म्हणजे हॉटस्पॉटला जोडल्यावर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन ऑन करा. मग मोठी अपडेटं थांबतात, सिंक पण बहुतेक थांबतं.

आता इथे एक गोम आहे जी बहुतेकांना माहीत नसते. हे मीटर्ड प्रत्येक नेटवर्कला वेगळं करावं लागतं. आणि यूएसबीने फोन लावला की विंडोज त्याला वायफाय समजतच नाही, तो इथरनेट म्हणून दिसतो, जशी काय भिंतीतून केबल आलीय. म्हणजे तुम्ही हॉटस्पॉटला मीटर्ड केलं आणि उद्या वायर लावली तर परत सगळं मोकाट. वायर लावून इथरनेटमध्ये जाऊन तिथे पण ऑन करायचं. आज सकाळी तुमचा पॅक दहाला संपला तो बहुतेक असाच, लॅपटॉपला वाटलं बरी केबल मिळाली, राहिलेलं सगळं उरकून घेऊ.

अपडेट कायमचं बंद नका करू, ऑफिसचा लॅपटॉप आहे. रात्री साडेअकराला दिवसाचा डेटा उरला असेल तर तेव्हा मीटर्ड काढा आणि उतरवू द्या, बाराला नवीन कोटा मिळतोच.

६४ केबीपीएसचा हिशोब सांगते म्हणजे राग शांत होईल. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाईट. एक एमबीला दोन मिनिटं. आजकालचं कुठलंही पान सहज तीन एमबीचं असतं, म्हणजे सहा मिनिटं, आणि तोवर पोर्टल तुम्हाला लॉगआऊट करून मोकळं.

बरं, हॉटस्पॉटचं सिग्नल भिंतीपलीकडे पोचत नाही त्याचं. फोनवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बघा, ५ गिगाहर्ट्झ असेल तर २.४ करा. ५ चा वेग जास्त पण भिंत आली की मान टाकतो, आणि चिऱ्याची भिंत, ती पण पावसात भिजून ओली, म्हणजे विचारूच नका, पाणी वायफाय पिऊन टाकतं. २.४ हळू असेल पण दोन भिंती ओलांडेल. तुमच्या टॉवरवरून येतंय त्यापेक्षा २.४ चा वेग कितीतरी जास्तच आहे त्यामुळे नुकसान काही नाही. माजघराचं दार उघडं ठेवता आलं तर अजून बरं.

पेडण्याचो · १७ जुलै, संध्याकाळी ६.००

एवढा सगळा उपद्व्याप कशाला? डोंगल घ्या नाहीतर तो खिशातला राउटर, वेगळं डेटा सिम घाला, संपलं. फोन हॉटस्पॉटला लावून ठेवला की तापतो, बॅटरी फुगते, माझ्या भावाची फुगलेली, मागचं झाकण वर आलं होतं पापडासारखं.

जुना मोडेम · १७ जुलै, संध्याकाळी ६.४०

पेडणेकर, तुमच्याकडे मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून टॉवरांची चैन असेल :) सत्तरीच्या दरीत डोंगल काय निराळं करणार? टॉवर तोच, डोंगर तोच, भिंत तीच. उलट डोंगल लॅपटॉपला खोचायचा म्हणजे परत माजघरात. खिशातल्या राउटरचं म्हणाल तर तो खिडकीत ठेवता येईल, फोन मोकळा राहील, एवढा फायदा कबूल. पण चार दिवसांच्या कामासाठी?

तापण्याचं मात्र खरं आहे. कव्हर काढून ठेवा. काही फोनमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ती लावा. आणि दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर गडगडायला लागलं की प्लग काढा, परतीच्या पावसात आमच्या आळीत तीन राउटर गेले होते एका विजेत.

काणकोणकार · १७ जुलै, रात्री ८.२०

आमच्याकडे पोळें गावाच्या बाजूला आणखी एक गंमत, फोन मधेच कर्नाटकातला टॉवर पकडतो, डेटा रोमिंग बंद असलं की नेट ठप्प. सीमेवर राहणाऱ्यांनी डेटा रोमिंग ऑन ठेवा, देशातल्या देशात वेगळे पैसे नाही कापत.

आणि फोन ४जी-५जी ४जी-५जी असा उड्या मारत असेल तर नेटवर्क टाईपमध्ये नुसतं ४जी करून बघा. अर्धवट ५जीपेक्षा पक्कं ४जी बरं.

कुळागरातली · १८ जुलै, दुपारी २.१५

डेटाचा चोर सापडला. नेटवर्कवाली, पैज जिंकलात. सिस्टीमच्या नावावर ११ जीबी आणि क्लाउडच्या फोल्डरवर ६. दोन्हीकडे मीटर्ड केलं, वायरवालं इथरनेट पण. आज दुपारी दोनपर्यंत नुसते ३४० एमबी गेलेत! बँड पण २.४ केला, टेबलाशी बसून नीट मिळतंय.

आता ऐका आजची मजा. फोन सोप्याच्या खिडकीत ठेवला होता, गजाला लागून. साडेदहाला नेट गेलं ते गेलंच, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, आणि या वेळी हॉटस्पॉटच दिसेना. बाहेर जाऊन बघते तर खिडकीत फोन नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, झडीचे थेंब येत होते गो, मी नीट ठेवलाय. कुठे? तर स्टीलच्या डब्यात. वर घट्ट झाकण. वरून फडकं. उघडून बघितलं तर नो सर्व्हिस, आणि फोन असा गरम की भाकरी भाजावी.

त्यांचंही बरोबरच होतं, पाणी येतच होतं. मग त्यांनीच तोरांची, म्हणजे कैऱ्यांच्या लोणच्याची, रिकामी काचेची बरणी काढून दिली, मोठी, ती आडवी ठेवलीय, तोंड आतल्या बाजूला, झाकण नाही. आकडा उणे ९२, म्हणजे बाहेर होता तेवढाच. फोनला हिंगाचा वास येतोय पण नेट येतंय.

तरीपण ते मधेच थांबायचं चालूच आहे!! आज वेळा लिहून ठेवल्या. ९.४०, ११.२५, १२.१०, १.०५. प्रत्येक वेळी एक ते तीन मिनिटं. वायफाय जोडलेलंच, आकडा नंतर बघितला तर तोच ९२. डबा पण नाही आता.

जुना मोडेम · १८ जुलै, दुपारी ४.००

डब्याचं वाचून हसून हसून खोकला आला. धातूचं बंद डबडं म्हणजे रेडिओ लहरींना चारी बाजूंनी दार बंद, काच आणि चिनीमातीला त्या जुमानत नाहीत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, बरणीची आयडिया इंजिनियरला नसती सुचली.

थांबण्याचं कारण मला नाही कळत. टॉवरवर गर्दी? पण मग ती वेग कमी करेल, असं कापून नाही टाकणार.

नेटवर्कवाली · १८ जुलै, रात्री ९.३०

ताई एक सांगा. दोन सिम आहेत म्हणालात. डेटा कुठल्या सिमवर आहे आणि दुसऱ्या सिमवर फोन येतात का? खिडकीत फोन सायलेंटवर असेल ना, तुम्हाला ऐकू येत नसेल. त्या चार वेळा कॉल लॉगमध्ये काढून बघा.

कुळागरातली · १८ जुलै, रात्री ९.५५

अगो बाई.

९.४० ला कर्जवाले. ११.२५ ला डिचोलीची मावशी. १२.१० ला परत कर्जवाले, वेगळा नंबर. १.०५ ला परत मावशी. सगळे मिस्ड, सगळे दुसऱ्या सिमवर. मावशीचा फोन वाजत राहतो वाजत राहतो, ती ठेवत नाही आणि परत लावते, म्हणून ते तीन मिनिटांवालं!

पण फोन मी उचललाच नाही, मग नेट का जावं?

नेटवर्कवाली · १८ जुलै, रात्री १०.२०

कारण बहुतेक दोन सिमवाल्या फोनमध्ये सिम दोन असले तरी आत रेडिओ एकच असतो. दोन्ही सिम ऐकत बसलेली असतात, पण बोलायचं झालं तर एका वेळी एकच. पहिल्या सिमवर तुमचा डेटा चाललाय, दुसऱ्यावर फोन वाजायला लागला की तो रेडिओ तिकडे जातो आणि डेटा थांबतो, फोन उचला न उचला. वाजायचं बंद झालं की परत येतो. हॉटस्पॉट फोन आणि लॅपटॉपमधला असतो, त्याला काही होत नाही, म्हणून चिन्ह तसंच राहतं आणि आपल्याला वाटतं पोर्टलच बंद पडलं.

एकाच सिमवर डेटा आणि फोन दोन्ही असेल आणि व्होल्टे चालू असेल तर हा त्रास होत नाही, कॉल पण ४जीवरूनच जातो आणि डेटा चालू राहतो. व्होल्टे बंद असलं तर तिथेही तेच, फोन आला की सिम जुन्या नेटवर्कवर उतरतं. ते एकदा तपासा, सिमच्या सेटिंगमध्ये असतं.

म्हणजे सोप्पं, काम चालू असेपर्यंत दुसरं सिम बंद करा.

कुळागरातली · १८ जुलै, रात्री १०.३०

तेच तर नाही ना करता येत. बँकेचा आणि दोन पार्ट्यांचा ओटीपी दुसऱ्या सिमवर येतो. ते बंद केलं तर चलन कसं भरू?

म्हापशेकार · १८ जुलै, रात्री १०.४५

दुसरं सिम घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला की. बटणवाला असला तरी चालेल, ओटीपी तर बघायचा.

नेटवर्कवाली · १८ जुलै, रात्री ११.००

ते सगळ्यात उत्तम. पण त्या जुन्या फोनला माजघरात रेंज नसणार, म्हणजे तो पण बरणीत.

नाहीतर कॉल फॉरवर्डिंग करा, दुसऱ्या सिमचे येणारे फोन पहिल्या सिमच्या नंबरवर वळवा. फोनच्या डायलरच्या सेटिंगमध्ये आहे, सिम २ निवडून कायम वळवा. एसएमएस वळत नाहीत, ते दुसऱ्या सिमवरच येणार, आणि एसएमएसला रेडिओ अगदी क्षणभर लागतो, तुम्हाला कळणार पण नाही. फोन मात्र सगळे पहिल्या सिमवर, व्होल्टेने, डेटा चालू राहून.

हे करताना स्वतः सेटिंगमधून करा. कोणी फोन करून अमुक कोड डायल करा असं सांगितलं तर अजिबात करू नका, कॉल दुसरीकडे वळवून ओटीपीचा फोन आपल्याकडे घेणारे चोर तेच करतात. आणि २० तारीख झाली की आठवणीने काढून टाका.

पेडण्याचो · १९ जुलै, सकाळी ७.१०

वा. डोंगलमध्ये दुसरं सिमच नसतं म्हणून मी सांगत होतो ;)

जुना मोडेम · १९ जुलै, सकाळी ७.४५

पेडणेकर, हे तुम्हाला आत्ता सुचलं!

कुळागरातली · २० जुलै, रात्री ८.४०

उशिरा लिहितेय, काल-आज डोकं वर काढायला वेळ नव्हता.

काल सकाळी फॉरवर्डिंग केलं. व्होल्टे पहिल्या सिमवर बंदच होतं, कधी कोणी बंद केलं देव जाणे, ते चालू केलं. काल पूर्ण दिवसात एकदाही थांबलं नाही. मावशीचा फोन अकराला आला, पहिल्या सिमवर, मी सोप्यावर जाऊन उचलला आणि बोलत बोलत आत येऊन लॅपटॉप बघितला तर चलनाचं पान उघडलेलंच. मावशीला वाटलं मी तिच्या सुनेबद्दल ऐकून खूश झाले.

काल सव्वातीनला लाईट गेली ती रात्रीपर्यंत. हॉटस्पॉटवर फोनची बॅटरी दीड तासात ३० टक्के उतरली, मग दिराची पॉवरबँक बरणीत घातली फोनच्या बाजूला. लॅपटॉप सहापर्यंत टिकला. आज शेवटचा ३बी ६.४० ला गेला, डेटा दिवसभरात ६९० एमबी, त्यात ऑफिसची एक व्हिडिओ मीटिंग धरून, त्यात मी कॅमेरा बंद ठेवला होता.

नेटवाल्याचा माणूस आज येऊन वायर बघून गेला, उद्या शिडी घेऊन येतो म्हणाला.

आत्ता सासूबाई विचारतायत बरणी मोकळी झाली का, त्यांना मिरच्या घालायच्यात.

म्हापशेकार · २० जुलै, रात्री ९.०५

शिडी येईपर्यंत देऊ नका बरणी.